चपला मोजणारे चीफ

निकमांच्या न्हाणीघराला कडी नव्हती. न्हाणीघराच्याच काय, घरातल्या एकाही आतल्या दाराला नव्हती. राहायला आल्या आल्या त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या कड्या काढल्या आणि भोकं लांबी भरून बुजवून टाकली. त्यामुळे पाहुणा आंघोळीला निघाला की निकमकाकू त्याला हळूच सांगायच्या, आत काहीतरी गुणगुणत राहा हं, म्हणजे कोणी येणार नाही. माझ्या सासूबाई एकदा हळदीकुंकवाला गेल्या आणि पाय धुवायला आत शिरल्या, तर घाबरून अख्खी आरती म्हणून बाहेर आल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "बाई गं, नेव्हीतला माणूस आणि दाराला कडी लावायला भितो?"

भितो. अगदी बरोबर शब्द. ज्ञानदेव निकम, मूळचे साताऱ्याकडचे, उमेदीची सगळी वर्षं नौदलात आणि त्यातली बरीचशी पाणबुडीत घालवलेली, चीफ म्हणून रिटायर होऊन नव्वद सालच्या आसपास नेरूळला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आलेले. आणि मी आजवर पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, माझी जीभ काही कुणाच्या बापाला भीत नाही. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "ताई, भित्रा नसतो तर तुमच्यासमोर उभा नसतो."

बुटका, रुंद माणूस. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. कुठल्याही दारातून जाताना ते खाली वाकायचे. दार चांगलं सात फुटी असलं तरी वाकायचे, आणि मग आपल्यालाच हसायचे. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी नाक वर करून दोनदा हुंगायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, माझी आमटी करपली की काय. पण नाही, ते हवा बघत होते. हवा दिसत नाही ना, म्हणायचे, मग ती आहेच असं धरून कसं चालायचं? आता ह्याला काय बोलणार! आम्ही जन्मभर तसंच धरून चालत आलो होतो.

सोसायटीत त्यांची थट्टा व्हायची आणि ती त्यांनी ओढवून घेतलेली असायची. बी विंगखाली बिल्डरने बांधून ठेवलेली पाण्याची एक टाकी होती, कधीच न वापरलेली. आत शटरिंगच्या फळ्या तशाच कुजत पडलेल्या. त्या काढायला कमिटीने दोन मजूर आणले, तर चीफ टाकीच्या तोंडावर जाऊन उभे. कुणी आत उतरायचं नाही म्हणाले. सेक्रेटरी चिडला. तो म्हणे, झाकण उघडलंय, वर आभाळ दिसतंय, अजून काय पाहिजे? चीफ घरी गेले, कंदील पेटवून आणला, दोरीला बांधला आणि खाली चांगली हवा नसली तर विझेल म्हणून टाकीत सोडला. झाडून सगळी सोसायटी जमली. आता विझणार, मग विझणार म्हणून सगळे वाकून बघत होते. कंदील तळाशी जाऊन मस्त जळत राहिला. काय हशा पिकला म्हणता! पोरांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरीने विचारलं की आता उतरायची परवानगी आहे का साहेब.

चीफचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो तर फुलला. मजुरांना त्यांनी स्वतः खाली सोडलं, वर एकाला त्यांच्याकडे बघत उभं केलं आणि सगळ्यांना चहा पाजला. जिन्यात मी म्हटलं, काय हो चीफ, फजिती झाली. तर म्हणाले, "भीती खोटी ठरली की मला लई बरं वाटतं. खरी ठरलेली बघितलीय मी."

म्हणजे काय, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मला ते कळलं लिफ्टमुळे.

एकदा संध्याकाळी कामावरून येत होते आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. वीज गेलेली. लिफ्टमध्ये मी एकटी, हातात भाजीची पिशवी. पहिल्यांदा शिव्या घातल्या, सोसायटीला, एमएसईबीला, लिफ्टवाल्याला. मग बटणं दाबली. मग दार बडवलं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, छातीत धडधडायला लागलं आणि वाटलं की श्वास आत जातोय पण पुरत नाहीये. बाहेरून कुणीतरी दारावर टक् टक् केलं. आवाज आला, आत कितीजण? मी ओरडले, मी आहे. नाव सांगा. मी नाव सांगितलं. आवाज इतका सावकाश होता की जणू रेशनच्या रांगेत विचारतोय. खाली बसा म्हणाला, भाजी काय आणलीय सांगा. मी त्या अंधारात बसून मेथी, वांगी, कोथिंबीर असं सांगत होते आणि बाहेरून तो भला माणूस भाव विचारत होता. वीज येईपर्यंत ते दारापासून हलले नाहीत. बाहेर आल्यावर बघते तर मी ठीक होते आणि दाराशी उभे असलेले चीफच घामाने निथळले होते. काकूंनी त्यांना धरून घरात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी शिरा घेऊन गेले तेव्हा त्यांनी सांगितलं. एकदा समुद्रात असताना त्यांची बोट, पाणबुडीला ते बोटच म्हणायचे, जायला हवी त्याहून खाली गेली. कुठलासा व्हॉल्व्ह ऐकेना. ती खाली जात राहिली आणि तिचं लोखंड बोलायला लागलं. "माणूस कण्हतो ना ताई, तसं. आम्ही सगळे आपापल्या जागी गप उभे. एक पोरगा होता केरळचा, तो हसत होता. भीतीने हसत होता." मग ती थांबली, मग हळूहळू वर आली. कुणाला काही झालं नाही. आत असताना चीफना भीती वाटली नाही, हात काम करत होते. वर येऊन ऊन बघितलं आणि तेव्हा जी भीती अंगात शिरली ती कायमची. त्यानंतरही त्यांनी कितीतरी वर्षं पाणबुडीत काढली, त्या भीतीसकट. शूर माणूस एकदा बघून पुढं जातो, भित्रा दोनदा बघतो, आणि आम्हाला दोनदा बघणारी माणसं लागायची, असं त्यांचं म्हणणं. शिरा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

मी तेव्हा पावणे गावच्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर आणि हजेरी सांभाळायचे. ग्रिल, जिने, टाक्या, जे येईल ते काम. आणि एक दिवस आमचे शेठ नाचतच आले. एक जुनी डिझेलची पाणबुडी नौदलाने मोडीत काढली होती आणि ती भंगारात न देता लोकांना बघायला ठेवायची, असं कुणी मोठ्या लोकांनी ठरवलं होतं. नव्या शहराला दाखवायला काहीतरी हवंच होतं. मोठ्या भरतीला ती ओढत सारसोळे गावाच्या बाजूला खाडीत आणायची, काठाशी चिखलात बसवायची आणि तिच्या पोटाला दारं पाडून, जिने लावून, आत पंखे नि दिवे बसवून तिचं म्युझियम करायचं. त्यातलं दारं-जिन्यांचं काम आमच्याकडे आलं होतं. शेठला आतलं काही म्हणता काही कळत नव्हतं. मी म्हटलं, आमच्या समोरच राहतो की माहितगार माणूस.

चीफनी आधी नाही म्हटलं. मग बोटीचं नाव ऐकलं आणि यायला तयार झाले. त्या बोटीवर त्यांनी नोकरी केली होती. लोखंड कण्हलं होतं ते हिचंच.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले होते. ओहोटी होती. चिखलात ती काळी, लांबलचक, पाठीवर गंज चढलेली पडली होती आणि बगळे तिच्यावर निवांत बसले होते. मला तर ती मरून वाहत आलेल्या माशासारखी वाटली. चीफ काठावरनं बघत राहिले. मग काठावरून बोटीवर टाकलेल्या फळीवरून तिच्यावर गेले, बोटाच्या पेरांनी टक् टक् केलं, कान लावला, आणि परत आले. आत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कुठं काय कापायचं, कुठं कापायचं नाही, कुठली टाकी किती दिवस उघडी ठेवायची, हे सगळं ते वर बसून खडूने डेकवर चित्रं काढून सांगायचे. खाली उतरायची वेळ आली की त्यांना काहीतरी दुसरं काम निघायचं. आमचा फोरमन मागून हसायचा. मला ते हसू आवडायचं नाही, पण खोटं नव्हतं. चीफना त्या बोटीत जायचं नव्हतं.

पण आत जाणाऱ्या प्रत्येकाची काळजी मात्र त्यांना होती. गंजकं लोखंड बंद जागेत हवा खातं, ते सांगायचे. माणूस आत शिरतो, बरं वाटतं बरं वाटतं म्हणतो आणि आडवा होतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तो त्याच्यावर आडवा होतो. म्हणून बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा दिवसभर चालू पाहिजे, आणि संध्याकाळी झाकणं लावायच्या आधी आत कुणी राहिलं नाही याची खात्री पाहिजे. झाकणं लावावीच लागायची, नाहीतर रात्रीतून पितळ गायब. आता खात्री कशी करायची? आमची पोरं सगळी स्लीपरवाली. कंपनीने आत घालायला कॅनव्हासचे बूट दिले होते. चीफनी नियम केला: फळीपाशी चपला काढायच्या, बूट घालायचे, आत जायचं. येताना बूट पेटीत, चपला पायात. संध्याकाळी फळीपाशी एकही चप्पल उरली नाही, तर आत कुणी उरलं नाही.

साधा हिशोब. कुणाच्याही डोक्यात बसावा असा. हजेरीत लबाडी होते, चपलेत कोण लबाडी करणार? संध्याकाळ झाली की चीफ फळीपाशी स्टूल टाकून बसायचे आणि एकेक चप्पल जाताना बघायचे. पोरं त्यांना देवळातला चपलावाला म्हणायची, कुणी गंमतीने नाणं पुढे करायचं. ते ते घ्यायचेसुद्धा, आणि पोरांनाच त्याच्या गोळ्या आणायचे. शेवटची जोडी गेली की तोंडावर हात धरून झाकणातून आत एक हाक मारायचे, "कोण आहे का?" उत्तर नाही आलं की झाकण लावायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, एकदाही चूक झाली नाही.

सारसोळ्याचा हिराजी आमच्याकडे बाहेरच्या कामाला होता. पन्नाशीचा कोळी, काळा कुळकुळीत, बोलायला गोड. बोटीचे दोर भरती-ओहोटीप्रमाणे सैल करायचे, आवळायचे, सामान होडीतून आणायचं, हे त्याचं काम. त्याची होडी बोटीच्या शेपटाशी बांधलेली असायची. तो कधी आत जात नसे, त्याचं काम सगळं पाण्यावरचं. आणि हिराजीने जन्मात पायात काही घातलं नव्हतं. त्याचे तळवे म्हणजे टायर होते, कालवांवरून चालायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. चीफनाही माहीत होतं. माहीत असून कुणाच्याही डोक्यात आलं नाही, ही खरी गोष्ट.

त्या दिवशी मी वेल्डिंग रॉडची खोकी घेऊन जीपने गेले होते आणि ड्रायव्हरला परत यायला उशीर झाला म्हणून तिथंच थांबले होते. मागच्या बाजूची एक जुनी टाकी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलेली, म्हणजे तिच्यातली कोंडलेली हवा आत पसरणार. दुपारी हेल्पर आला नव्हता, तेव्हा वेल्डरने हिराजीला केबल ओढायला आत बोलावलं. हे आम्हाला नंतर कळलं. काम झाल्यावर वेल्डर पुढं गेला. हिराजी रात्रभर जाळ्यावर होता, डोळे मिटत होते, आणि समोर खलाशांची झोपायची फळी होती. तो म्हणाला, जरा पाठ टेकू.

पाच वाजले. पोरं वर आली, बूट पेटीत टाकले, चपला घातल्या, गेली. फळी मोकळी झाली. चीफनी हाक मारली, थांबले, पंखा बंद करायला सांगितला आणि झाकण लावून चावी फिरवली. जनरेटरवाला सायकल काढून गेला. आम्ही दोघं काठावर जीपची वाट बघत गप्पा मारत बसलो. ऊन उतरत होतं, छान वारा होता. मी त्यांना माझ्या नणंदेच्या लग्नाचं काहीतरी सांगत होते.

मध्येच ते म्हणाले, हिराजीची होडी अजून इथं कशी?

मी म्हटलं, असेल कुठं चहाला. ते होडीकडे बघत राहिले, मग फळीकडे, मोकळ्या फळीकडे, जिथं चपला असायच्या. आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर राखेसारखा झाला. मला तेव्हाही कळलं नव्हतं.  गुडघ्यावर हात दाबून उठले आणि धावले, त्या वयाचा माणूस, त्या डुगडुगत्या फळीवरून.

झाकण उघडलं, दुसरं उघडलं. हाका मारल्या. आतून फक्त तो वास आला, ओल्या लोखंडाचा. मी म्हटलं, चीफ, आत जा ना! ते म्हणाले, पंखा. जनरेटरवाला नव्हता. तेवढ्यात जीप आली, ड्रायव्हर धावला, हँडल मारायला लागला आणि तो जनरेटर काही धरेना. हिराजीची बायको जनाबाई सुक्या मासळीची टोपली घेऊन काठाने येत होती, आरडाओरडा ऐकून तीही वर आली. तिला सांगायला तोंड कुणाचं होणार? मीच सांगितलं. ती सरळ झाकणाकडे निघाली, आणि चीफनी तिला दोन्ही हातांनी धरलं. सोडेनात. तिने त्यांना बोचकारलं, शिव्या दिल्या, पण ते म्हणत राहिले, आत्ता गेलात तर दोघं जाल, बाई, दोघं जाल. माझ्या मनात आलं, हा माणूस स्वतः घाबरलाय म्हणून तिला अडवतोय का? देवा, किती वाईट वेळ होती ती. मला खरंच कळत नव्हतं.

जनाबाईने विचारलं, "तू कसा रं बंद केलास? मोजली नाय मानसा?"

ते म्हणाले, चपला नव्हत्या.

ती एकदम शांत झाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्याचे पायान चपल नाय, तं तो मानूस नाय काय?"

जनरेटरने धरलं. पंखा घरघरला, कापडी नळा फुगला. आता थांबायचं होतं, आतली हवा बदलेपर्यंत, आणि ते थांबणं मी जन्मात विसरणार नाही. चीफनी पाना घेतला, मागे शेपटाकडे गेले, पालथे पडले आणि लोखंडावर ठोकलं. कान लावला. पुन्हा ठोकलं. मी त्यांच्याकडे बघत होते, जनाबाई माझ्या हाताला नखं रुतवून उभी होती, बगळे उडून गेले होते. पुन्हा ठोकलं. पुन्हा कान. त्यांचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. किती वेळ गेला मला विचारू नका. मग त्यांनी हात वर केला, आम्ही श्वाससुद्धा घेऊ नये म्हणून.

"हाय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून साताऱ्याचं 'हाय' मी तेव्हाच ऐकलं. "हाय, हाय. ठोकतोय."

मग ते उठले. दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक मला नाही, ड्रायव्हरला नाही, जनाबाईच्या हातात दिलं. झटका बसला की ओढायचं, म्हणाले. आणि फळीपाशी येऊन, एवढ्या घाईत, आपल्या चपला काढल्या आणि शेजारी शेजारी नीट ठेवल्या. मला सांगितलं, ह्याच्यावर लक्ष ठेवा. मग ज्या बोटीत ते महिनोन्‌महिने उतरले नव्हते, तिच्या झाकणातून ते आत गेले.

मी त्या चपलांकडे बघत बसले. करवंदी रंगाच्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या, एका पट्ट्याला नवी शिवण. दोर सरकत होता, थांबत होता, सरकत होता. मग बराच वेळ थांबला. जनाबाईचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, दोघंही गेले. दोर हलला. तिने असा ओढला, अख्खी होडी ओढावी तसा, ड्रायव्हर मदतीला लागला, आणि झाकणातून आधी हिराजीचं डोकं वर आलं, दोर आता त्याच्या काखांखाली बांधलेला होता. खालून चीफ त्याला ढकलत होते.

हिराजी डेकवर पडून ओकला. शुद्धीवर होता पण जीभ जड झालेली, हात रक्ताळलेले. आत जाग आली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं काळोख होता, डोकं फुटत होतं आणि पाय हलेनात. तो समजला, आपण मेलो. मग ठोकल्याचा आवाज आला. मेलेल्याला कोण हाका मारतं, म्हणून त्याने झोपायच्या फळीचा सुटा आकडा हाताला लागला तो घेऊन उलट ठोकलं. हे त्याने पुढं महिनाभर गावात रंगवून सांगितलं, आणि दर वेळी त्यात एकेक भूत वाढत गेलं. त्या वेळी मात्र तो बायकोचा पदर धरून बसला होता.

चीफ कोपऱ्यात, पाठ लोखंडाला लावून बसले होते.  मी पाणी दिलं तर पेला दातांवर वाजला. मी म्हटलं, अहो, वाचवलंत ना त्याला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद कुणी केलं होतं, ताई?" म्हणाले. "मी आत जायला भ्यायलो, म्हणून चपला मोजत बसलो. आत एक चक्कर मारली असती तर झोपलेला दिसला असता." मी पेला पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ते नोकरी सोडतील असं शेठना वाटत होतं. ते आले, बरोबर नव्या चपलांची एक जोडी घेऊन. हिराजीला दिली. हिराजीने घालून बघितली, चार पावलं बदकासारखा चालला, पोरं हसली, त्याने काढून टाकली. पण टाकून दिली नाही. त्या दिवसापासून हिराजी चपला काखेत मारून यायचा. आत जायचं काम निघालं की फळीपाशी त्या मांडायचा, अनवाणीच आत जायचा, बाहेर आला की उचलून पुन्हा काखेत. धनी लई पैसेवाला झाला, काखेलाबी चपला घालतो, असं जनाबाई म्हणायची. ती चीफशी मात्र वर्षभर बोलली नाही. आणि तिचं बरोबर होतं असं चीफच म्हणायचे.

चपला मोजणं चालूच राहिलं. फक्त शेवटची जोडी गेली की आता ते स्वतः आत उतरायचे. पुढच्या टोकापासून शेपटापर्यंत, प्रत्येक कप्प्यात, प्रत्येक फळीखाली बॅटरी मारत. वर यायचे तेव्हा शर्ट ओला असायचा. भीती गेली का, मी एकदा विचारलं. छे, म्हणाले, ती कुठं जाते. रोज उतरताना वाटतं, ही परत कण्हायला लागणार.

ती बोट पुढं लोकांना खुली झाली. तिकीट, रांगा, आईस्क्रीमवाले, सगळं आलं. चीफ तिथं माहिती सांगायला राहिले. आम्ही मध्यंतरी नेरूळ सोडून पनवेलला गेलो, येणं-जाणं कमी झालं. पुढच्या दोनेक वर्षांत चीफ गेले, घरी, अंथरुणात, सगळी दारं उघडी असताना. मला उशिरा कळलं. म्हणून माझ्यासाठी शेवटची भेट ती, जेव्हा मी भाच्यांना घेऊन पाणबुडी दाखवायला गेले होते.

बंद व्हायची वेळ झाली होती. चीफ वाळले होते, पण आवाज तोच, सावकाश. पोरांना त्यांनी सगळं दाखवलं, आरशाच्या नळीतून खाडी दाखवली. लोक बाहेर पडले. आता बघणाऱ्यांना चपला काढायला लावता येत नव्हत्या, बूट, सँडल, सगळे तसेच आत जायचे. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, आता काय करता हो? ते हसले आणि बॅटरी घेतली. आधी पोरांच्या डोक्यांवर हात ठेवला, मग फळीपाशी येऊन आपल्या चपला काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. झाकणापाशी वाकले. तिथं मात्र खरंच वाकावं लागत होतं. "कोण आहे का?" अशी हाक मारली आणि उतरत गेले.

चपलांशेजारी चीफच्याच स्टुलावर हिराजी बसला होता, झाकणाची चावी गळ्यात. तो आता तिथला वॉचमन होता. काखेत त्याची ती जोडी होतीच, नवीच्या नवी. रिक्षावाला रस्त्यावरून हॉर्न मारत होता, भाचे कुरकुरत होते, आणि माझा पाय निघत नव्हता. एवढी माणसं ज्यांनी मोजली, त्यांना आत सोडून कसं जायचं? हिराजीने माझ्याकडे बघितलं.

"तुमी जा, ताई," तो म्हणाला. "त्याच्या चपला हायत हितं. तवर मी काय झाकन लावनार नाय."

मी पोरांना घेऊन रस्त्यापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. हिराजीने चपला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतल्या होत्या आणि तो त्या उघड्या झाकणाकडे बघत बसला होता.